दाढेचा विमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी आजच्या दिवशी आपण बाहेरच्या कोणा विदुषीला बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, मंडळातल्याच एका बाईने बोलावे, आणि चिठ्ठी निघाली ती नेमकी माझ्या नावाची. मी सातवी पास. भिशीचा हिशोब मला बरा जमतो, पण व्यासपीठावर उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "दाताचा विमा आणि त्यावरचा कर." त्या हसल्या. त्यांना वाटले, मी मसाल्यांविषयी किंवा उन्हाळी वाळवणाविषयी बोलेन. तुम्हीही हसलात तरी माझी हरकत नाही. पण या विषयाने माझ्या घरात एक मोठी चूक माझ्या हातून घडवली आहे, म्हणून दुसऱ्या कशावर बोलायला मन घेईना.

माझी थोरली लेक, घरात आम्ही तिला ताई म्हणतो, २०२१ साली शिकायला इंग्लंडला गेली. त्यासाठी बँकेचे कर्ज काढले आणि राहते घर तारण ठेवले. हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे, कारण सह्या करून घरी आले त्या दिवशी मी इथेच बसून रडले होते. शिक्षण झाले आणि २०२३ च्या मार्चमध्ये तिला रेडिंग नावाच्या गावी एका कंपनीत नोकरी लागली. तेव्हापासून कर्जाच्या हप्त्याचे पैसे ती दरमहा पाठवते. मी त्याची एक वही ठेवली आहे. तारीख, पौंड, त्या दिवसाचा भाव आणि हाती आलेले रुपये, असे चार रकाने. ही वही माझी फार लाडकी होती, आणि तिनेच घोळ केला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये दीडेक हजार रुपये कमी आले. मी लगेच फोन केला. ताई म्हणाली, "आई, या महिन्यात कर पंधरा पौंड जास्त कापला. कंपनीने माझा दातांचा विमा उतरवला आहे ना, त्याचा."

मला काही उमजेना. "विमा कंपनीने काढला, पैसे कंपनीने भरले, मग कर तुला का?"

"इकडे तसेच असते, आई."

"मग कसला फुकट? टाकून दे तो विमा. तुझे दात चांगले आहेत. घर सुटेपर्यंत असली चैन नको."

ती गप्प राहिली. तिथे असे विमे वर्षातून एकदाच बदलता येतात. तिच्या कंपनीत ती वेळ ऑक्टोबरात येते. ऑक्टोबरात तिने तो सोडला आणि मला कळवलेसुद्धा नाही. वहीत पैसे पुन्हा पूर्ववत दिसू लागले, आणि मी मनात म्हटले, पोरगी शहाणी आहे.

जानेवारी २०२५ मध्ये तिची खालची दाढ दुखू लागली. तिथे सरकारी आरोग्यसेवा आहे, तिला एन. एच. एस. म्हणतात. परदेशातून आलेल्यांना व्हिसाबरोबरच या सेवेचा वेगळा आकार भरावा लागतो, आणि ताईनेही तो भरला होता. डॉक्टरला दाखवायचे तर पैसे पडत नाहीत. दातांचे मात्र तसे नाही. मोठ्या माणसाला सरकारी दवाखान्यातही दातांसाठी ठरीव दर द्यावा लागतो. त्या वर्षी तपासणीला २६ पौंड ८० पेन्स, दाढ भरणे किंवा रूट कॅनॉल ७३ पौंड ५० पेन्स, आणि वर टोपी बसवायची झाली तर ३१९ पौंड १० पेन्स असे दर होते. हे दर तिथल्या मानाने वाजवीच आहेत. पण ते घेणारा दंतवैद्य तर भेटला पाहिजे! तिने फोन केला त्या सगळ्यांकडून एकच उत्तर आले, नवे रोगी घेत नाही. खाजगी दवाखान्यात रूट कॅनॉलचे ६५० पौंड सांगितले, म्हणजे आपले जवळजवळ सत्तर हजार. विमा असता तर त्यातले बरेचसे परत मिळाले असते. विमा नव्हता. आणि मी वही घेऊन बसलेली आहे हे तिला ठाऊक होते.

तीन आठवडे तिने गोळ्या खाऊन काढले. फोनवर बोलताना मध्येच थांबायची. मी विचारले तर म्हणायची, थंडी आहे. शेवटी गालावर सूज आली तेव्हा तिथल्या १११ या नंबरवर फोन केला, आणि तातडीचा रोगी म्हणून तिला सरकारी दरात घेतले. २६ पौंड ८० पेन्समध्ये दाढ काढून टाकली. वाचवायची तर ६५० पौंड, काढायची तर सत्तावीसच्या आत. पोरीने काढायचे ठरवले. वय वर्षे चोवीस.

हे मला कळले मार्चमध्ये, तेही धाकट्याच्या तोंडून. ताईने त्याला शपथ घातली होती, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

मैत्रिणींनो, मी स्वतः अकरा वर्षे डाव्या बाजूनेच घास चावते आहे. उजवीकडच्या दोन दाढा गेल्या. तेव्हा मुले लहान होती, यांच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला होता, लवंग धरून दिवस ढकलले आणि मग काढून टाकल्या. आपल्याकडे दाढ दुखते म्हणून कोणी बाई कामाला खाडा करत नाही, ते दुखणे मोजायचेच नसते. सासूबाईंनी तर साठीच्या आत कवळी लावली. हे सगळे माझ्यापाशी थांबेल असे वाटले होते. म्हणून लेकीला शिकवले, परदेशी धाडले, आणि तिथेही तेच घडले. आणि ते माझ्या शब्दामुळे घडले.

मग मी ठरवले की, हे प्रकरण नीट समजून घ्यायचे. धाकटा इंग्रजी वाचून सांगे, मी पाटावर बसून लिहून घेई. ताईच्या पगाराच्या स्लिपा मागवल्या. पहिल्यांदा ती द्यायला तयार नव्हती. म्हणाली, "आता काय उपयोग?" मी म्हटले, "मला माझी चूक किती रुपयांची होती ते बघायचे आहे."

आधी मूळ प्रश्न. दिलेल्या विम्यावर कर का? मला ते समजले ते माझ्या आजोबांवरून. आजोबा गावचे सुतार. नांगर, कुळव, पाभर वर्षभर दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचे. ते बलुते. रोख पैसा हातात क्वचित. पण म्हणून त्यांना मजुरी मिळत नव्हती असे कोणी म्हणेल का? पायलीभर जोंधळा हीच मजुरी. सरकारने जर म्हटले की, रोख मिळेल त्यावरच कर, तर उद्या शहाणा मालक निम्मा पगार जोंधळ्यात देईल, आणि रोख पगारावर जगणारा शेजारी तेवढ्यासाठी जास्त कर भरेल. दातांचा विमा हा त्या कंपनीने ताईला दिलेला जोंधळा आहे. कंपनीने तिच्यासाठी वर्षाला १८० पौंड भरले, म्हणजे तेवढा पगारच वस्तूच्या रूपात दिला, असे तिकडचे करखाते धरते.

ही गोष्ट त्यांच्याकडेही पहिल्यापासून नव्हती. १८९२ साली तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे एका बँकेच्या नोकराचा खटला चालला. तो बँकेच्याच घरात बिनभाड्याने राहत असे. घर दुसऱ्याला देऊन पैसे करण्याची त्याला मुभा नव्हती, तेव्हा ज्याचे पैसे करता येत नाहीत ते उत्पन्न नव्हे, असा निकाल लागला. पुढे १९४८ च्या कायद्याने संचालक आणि वर्षाला २,००० पौंड किंवा अधिक मिळवणारे नोकर यांना मिळणाऱ्या सवलती करात धरल्या. ती मर्यादा नंतर ८,५०० पौंडांवर गेली, आणि एप्रिल २०१६ मध्ये ती उठवून लहान पगारदारांनाही हा नियम लागू केला. मला मौज वाटली ती ही की, त्याच १९४८ साली ५ जुलैला त्यांची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, आणि तेव्हा दातसुद्धा फुकट होते. कवळ्यांसाठी लोकांची एवढी गर्दी उसळली की, १९५१ मध्ये कवळीला आणि चष्म्याला पैसे आकारायचे ठरले. ज्यांनी ही सेवा उभारली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपद सोडले. १९५२ पासून दातांच्या उपचारालाही आकार बसला. तो नसता तर दातांच्या विम्याची एवढी गरजच पडली नसती.

आता हिशोब. हा भाग मी सावकाश सांगते, कारण मलाही तो तीनदा मांडावा लागला.

तिथे माणसाला वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही. हा आकडा शेवटचे शून्य गाळून पगाराच्या स्लिपेवर लिहितात, १२५७ आणि पुढे एल. त्याला टॅक्स कोड म्हणतात. कंपनी वर्ष संपल्यावर ६ जुलैच्या आत करखात्याला एक फॉर्म पाठवते, त्याचे नाव पी-अकरा-डी. या नोकराला पगाराखेरीज काय काय दिले, ते त्यात असते. ताईच्या फॉर्मवर लिहिले होते, दातांचा विमा, १८० पौंड. करखात्याने तेवढी रक्कम तिच्या माफीतून वजा केली. १२,५७० मधून १८० गेले, राहिले १२,३९०. कोड झाला १२३९ एल. म्हणजे आणखी १८० पौंडांवर कर लागू लागला. ताईच्या पगाराला वीस टक्के दर. १८० चे वीस टक्के ३६ पौंड.

छत्तीस पौंड! वर्षाचे! महिन्याला तीन. मग ऑगस्टमध्ये पंधरा कसे कापले? तर त्यांचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. कोड बदलला तो पाचव्या महिन्यात, म्हणून पाच महिन्यांचे तीन-तीन एकदम घेतले. पुढच्या महिन्यापासून तीनच जाणार होते. मी त्या एका महिन्याचा आकडा पाहिला, त्याला बाराने गुणले, आणि लेकीला विमा सोडायला लावला. भिशीचा हिशोब ठेवणाऱ्या बाईने!

खरे म्हणजे आदल्या वर्षाचे छत्तीस पौंडही द्यायचे राहिले होते. ते पुढच्या वर्षी याच रीतीने वसूल होतील, असे पत्र आले. पण दोन्ही मिळून ७२ पौंडच होतात. जास्त पगारवाल्याला, म्हणजे चाळीस टक्के दर ज्याला लागतो त्याला, त्याच विम्यावर वर्षाला ७२ पौंड पडतात. कंपनीही यातून सुटत नाही. तिला त्या १८० पौंडांवर सामाजिक विम्याची वर्गणी वेगळी भरावी लागते, तेव्हा १३.८ टक्के होती, एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाली. ती वर्गणी नोकराच्या पगारातून जात नाही.

आणखी एक गैरसमज माझा होता, तो सांगते, कारण वरच्या आळीतल्या वहिनींचाही तोच होता. मला वाटे, विम्यातून उपचाराचे पैसे मिळाले की त्यांवरही कर बसत असेल. तसे नाही. कर बसतो तो कंपनीने भरलेल्या विम्याच्या हप्त्यावर. दाढ एक भरा की चार भरा, ६५० पौंडांचे काम करून घ्या, कर तेवढाच, छत्तीस. उलट वर्षभर दंतवैद्याचे तोंडही पाहिले नाही तरी छत्तीस जाणारच. आणि हाच विमा ताईने स्वतःच्या पगारातून पैसे भरून घेतला असता, तर त्यावर असा कर नसता; पण मग १८० पूर्ण तिचे गेले असते. म्हणजे कंपनीचा विमा तिला छत्तीस पौंडांत पडत होता. फुकट नव्हता हे खरे. पण १८० चा माल ३६ ला मिळत असेल, तर आपण मंडईत पिशवी घेऊन धावत जातो की नाही?

विमा सोडल्यावर पुढे काय झाले तेही ऐका. ऑक्टोबरात विमा गेला, पण टॅक्स कोड तसाच राहिला, कारण करखात्याला ते आपोआप लगेच कळत नाही. नसलेल्या विम्यावर माझी लेक महिन्याला तीन पौंड भरत होती. मी स्लिप पाहताना विचारले, "हे १२३९ अजून कसे?" तेव्हा तिच्या लक्षात आले. तिने करखात्याला कळवले आणि सहा महिन्यांचे जादा गेलेले १८ पौंड हिशोबात धरले गेले. त्या दिवशी ताई पहिल्यांदा मोकळेपणी हसली. म्हणाली, "आई, तू आमच्या ऑफिसात ये नोकरीला." एप्रिल २०२७ पासून असा कर दरमहा पगारातूनच कापण्याची सक्ती करायची, असे तिथल्या सरकारने जाहीर केले आहे, तसे झाले म्हणजे हे मागाहून येणारे धक्के कमी होतील.

सगळ्या देशांत मात्र असे नाही बरे. अमेरिकेत नोकरीतला दातांचा विमा साधारणपणे करात धरत नाहीत. कॅनडात देशाचा कर त्यावर नाही, पण क्वेबेक प्रांत आपला कर घेतो. तेव्हा कोणाचे मूल कुठे आहे ते पाहून बोलावे. आमच्या जाऊबाईंनी माझे ऐकून टोरांटोतल्या भाच्याला फोन लावला आणि त्याला उगाच घाबरवले.

आणि आपल्याकडे? यांच्या कारखान्यात चौघांचा मिळून आजारपणाचा विमा आहे. त्याचा हप्ता कारखाना भरतो आणि तो यांच्या उत्पन्नात धरला जात नाही. मी खूश झाले. मग यांनी पॉलिसीचे कागद काढून दाखवले. दातांचे उपचार त्यात नाहीत. अपघात होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच. म्हणजे कर नाही आणि दाढही नाही! पूर्वी औषधोपचाराच्या पावत्या दाखवल्या की वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत नोकरदाराला कराची सूट मिळे, त्यात दंतवैद्याची पावतीही चाले. मार्च महिन्यात घरोघर पावत्या गोळा करण्याची काय धांदल असे ते आठवते ना? कोणाकोणाच्या पावत्या कुठून येत, ते मी या व्यासपीठावरून बोलत नाही. ती सूट एप्रिल २०१८ पासून गेली आणि तिच्याऐवजी सगळ्यांना सरसकट ठरीव वजावट आली, आधी ४०,००० रुपयांची. पावत्यांचा त्रास गेला. पण 'मार्चच्या आत दात दाखवून घे' असे म्हणणारेही घरात कोणी राहिले नाही, हे माझे आपले एक निरीक्षण.

यांच्या नोकरीला बावीस वर्षे झाली, आणि त्या विम्याच्या कागदाला मी पहिल्यांदा हात लावला तो गेल्या वर्षी. यांनी लपवले नव्हते, कपाटातच होते. मीच कधी विचारले नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ताईच्या कंपनीत पुन्हा निवड करायची वेळ आली. तिने मला विचारले नाही, नुसते कळवले. विमा घेतला. हप्ता आता १९२ पौंड, त्यावर कर ३८ पौंड ४० पेन्स. गेलेल्या दाढेच्या जागी नवी बसवायची तर तिच्या पॉलिसीत ते बसत नाही, कारण विमा घेण्याआधी पडलेले दात ते धरत नाहीत. ते पैसे वेगळे साठवावे लागतील. वहीत मी आता पाचवा रकाना आखला आहे. त्यात दर महिन्याला थोडे थोडे बाजूला पडतात. ताई म्हणते, आधी तुझ्या दोन दाढा. मी म्हणते, आधी तुझी. यावरून आमचे अजून भांडण चालू आहे.

अध्यक्षीणबाई घड्याळाकडे बघताहेत, आणि आतून बटाटेवड्याचा वास येतो आहे. ज्यांची मुले बाहेर नोकरीला आहेत त्यांनी त्यांच्या पगाराची स्लिप मागवावी आणि येत्या गुरुवारी दुपारी माझ्याकडे यावे. इंग्रजी धाकटा वाचेल, बेरीज-वजाबाकी मी करीन. चष्मा आणि वही आणायला विसरू नका.